रुख्मिणीबाईचं जयपूर

बचत गटाची सहल जयपूरला जाणार असं ठरलं, तेव्हा रुख्मिणीबाईने घरी फक्त "गटासंग चार दिवस बाहेर चालली" एवढंच सांगितलं. गावाचं नाव घेतलं नाही. नवरा खुशालराव अमरावतीत राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गावर रखवालदार होता. तो "जा" म्हणाला आणि कामावर निघून गेला. मुलगा नितेश ऑटो चालवायचा. त्याला गटातल्याच कुणाकडून कळलं. संध्याकाळी त्याने ऑटो दाराशी लावला आणि आत न येता विचारलं, "आई, जयपूरले चालली का तू?"

"हो."

"कावून?"

"सगळ्याच चालल्या म्हून."

त्याने ऑटो पुन्हा चालू केला. त्या घरात जयपूर हा शब्द सहा वर्षांपासून सहज बोलायचा राहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी पिंकी तिकडे दिली होती. पिंकी तेव्हा एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, राजापेठेत साडीच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायची तिची एक ढब होती. घ्यायची नसली तरी बाई दोन मिनिटं जास्त बसायची. मालकीणबाई तिला सोडायला तयार नव्हत्या. पण खुशालरावची मोठी बहीण मनकर्णा अकोल्याहून स्थळ घेऊन आली. मनकर्णाबाई विधवा. अकोल्यात डाबकी रोडला राहायच्या, चार घरी पोळ्या करायच्या, आणि अधूनमधून सोयरिकी जुळवायच्या. मुलगा जयपूरजवळचा, पक्कं घर, म्हशी, स्वतःचा ट्रक. हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार. नवरदेव, त्याचा काका आणि दोन दोस्त आले. दुपारी लग्न लागलं आणि दिवे लागायच्या आत गाडी निघाली. पाठराखीण म्हणून मनकर्णाबाई सोबत गेल्या. रुख्मिणीबाई पोरीच्या डब्यात तिळाची चटणी भरत होती, ती भरून होईपर्यंत गाडी सुरू झाली होती.

पहिलं वर्षभर पिंकीचे फोन आले. मग कमी झाले. शेवटचा फोन फार छोटा होता. "मी बरी हाये, तुमी येऊ नका, या लोकायले आवडत नाई," एवढंच. त्यानंतर तो नंबर बंद. गावाचं नाव विचारलं की मनकर्णाबाई म्हणायच्या, "कोणती तरी ढाणी हाये बाप्पा, शेतातली वस्ती, मले काय तिकडचं नाव येते?" दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोटो पाठवला. त्यात पिंकी घागरा-ओढणीत, नाकात मोठी नथ, मांडीवर तान्ही मुलगी. हसत होती. खुशालराव फोटो पाहून म्हणाला, "सुखात हाये म्हून तं फोन नाई." नितेश दर दिवाळीला म्हणायचा, यंदा जाऊन येऊ. जायचं तरी कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. रुख्मिणीबाईने नणंदेशी बोलणं टाकलं.

सहल सरकारी प्रशिक्षणाची होती. राजस्थानातल्या एका खेड्यात दोन दिवस पापड-मसाल्याचं काम पाहायचं आणि परतताना एक दिवस जयपूर. सकाळी उतरायचं, रात्री गाडी धरायची. गटाच्या अध्यक्ष प्राजक्ताताई, वयाने लहान पण शिकलेल्या, सगळ्या बायांना अमरावतीहून अकोल्याला घेऊन आल्या. जयपूरची गाडी अकोल्याहून होती आणि अकोल्याच्या गटातल्या काही बाया तिथेच मिळणार होत्या. फलाटावर त्यांच्यात मनकर्णाबाई दिसल्या. हातात कापडी पिशवी, गुडघ्याला पट्टा. दोघींची नजरानजर झाली.

"तू बी चालली का रुख्मे?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

रुख्मिणीबाई तोंड फिरवून डब्यात चढली.

प्रशिक्षणाचे दोन दिवस दोघी एका सतरंजीवर जेवल्या पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बस जयपुरात शिरली. थंडीचे दिवस होते. प्राजक्ताताईंनी सगळ्यांना हवामहालासमोर उभं करून सांगितलं, "हे बघा, एकच दिवस आहे. आधी इथं फोटो, मग राजवाडा, जंतरमंतर, नंतर बाजार. दिवस मावळायच्या आत सगळ्या स्टेशनवर पाहिजेत. कुणी हरवलं तर मी कुणाच्या घरी काय सांगू?" बाया हसल्या. सगळ्यांची एकच घाई झाली. कुणाला लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या, कुणाला रजई. एकीने तर चप्पल हातात घेऊन पळायची तयारी ठेवली होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, "माह्यानं चढण नाई होत. मी इथंच बसते. तुमी पाहून या." आणि रस्त्यापलीकडच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

रुख्मिणीबाई बायांबरोबर राजवाड्याच्या फाटकापर्यंत गेली. तिला काहीच दिसत नव्हतं. एवढ्या मोठ्या शहराच्या भोवती कुठल्या तरी बाजूला आपली पोरगी आहे आणि आपण तिकिटाच्या रांगेत उभ्या आहोत, हे तिला सोसेना. नणंदेला गाठायचं, हात जोडायचे, पण आज गावाचं नाव काढून घ्यायचंच, असं ठरवून ती मागे फिरली.

मनकर्णाबाई फोनवर बोलत होत्या. पाठ तिच्याकडे होती. हिंदी मोडकं पण सवयीचं. "हां, जयपूर में ही हूं... आज का ही दिन है... लडकी का फोटो लायी ना. अठरा की है, गोरी है. अपनी बहू के मोहल्ले की ही है, आचल नाम है... हां, भेज दो भंवर को गाडी लेके. हवामहाल के सामने बैठी हूं."

रुख्मिणीबाई तिथेच उभी राहिली. आचल तिच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारी पोर. तिचं लग्न बाहेरच्या स्थळाशी जमलंय एवढं गल्लीत ऐकू आलं होतं. कुणी जमवलं, कुठे जमवलं, हे आचलच्या आईने तिला सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला, वळल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी जाता तिथं," रुख्मिणीबाई म्हणाली. "तुमाले घर माईत हाये."

"बस खाली. बोंबलू नको."

"किती खेपा गेल्या?"

मनकर्णाबाईंनी फोन पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "दरसाल जाते. पोरगी बरी हाये तुही. मी पाहून येते ना."

"मी येते."

"नाई. ते लोक येगळे हायेत. आई आली म्हणलं तं वाटंन त्यायले, न्याले आली."

"मंग मी प्राजक्ताताईले आवाज देते. तुमी इथं कायच्यासाठी आल्या ते सगळ्या बायायले सांगते, अन् त्या तिथं पोलीस उभा हाये त्याले बी."

मनकर्णाबाईंनी पोलिसाकडे पाहिलं. "ये," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आई म्हून नाई. गटातली बाई हाये म्हणीन मी. सासूनं तुले पाह्यलं नाई, हा भंवर तवा लग्नात नोता. नवरा ट्रक घेऊन गुजरातले हाये. तोंड बंद ठेवशील तं पोरगी दिसंन. नाई तं ते बी नाई."

रुख्मिणीबाईने मान हलवली.

भंवर म्हणजे पिंकीचा धाकटा दीर. तेवीस-चोवीस वर्षांचा, कानात बाळी, गाडीत मोठ्याने गाणी लावलेली. मनकर्णाबाईंना त्याने पाया पडून "मौसी" म्हटलं. रुख्मिणीबाईकडे पाहून विचारलं, "ये कौन?" "हमारे गट की है. अकेली डरती है शहर में," मनकर्णाबाई म्हणाल्या. तो हसला. गाडी शहराबाहेर पडली. मोहरीची पिवळी शेतं, काटेरी झाडं, मध्येच विटांच्या भट्ट्या. रुख्मिणीबाई रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. कुठला फाटा, कुठली टाकी, कुठलं देऊळ, सगळं लक्षात ठेवत होती. पुढे भंवरने आचलचा फोटो मनकर्णाबाईंच्या मोबाईलवर पाहिला, एका हाताने गाडी चालवत. फोटो मोठा करून पाहिला. मग फोन परत दिला आणि गाण्याचा आवाज वाढवला.

घर खरंच पक्कं होतं. मोठं लोखंडी फाटक, अंगणात खाटा, मागे म्हशींचा गोठा. पिंकीची सासू जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई. तिने मनकर्णाबाईंना मिठी मारली, दोघींना खाटेवर बसवलं आणि आत सुनेला हाक मारली, "बीनणी! चाय ला."

आतून एक बाई आली. ओढणी कपाळावरून थेट छातीपर्यंत ओढलेली, हातात कपांची थाळी. तोंड दिसतच नव्हतं. रुख्मिणीबाईला आधी वाटलं, ही दुसरी कुणी असेल. पोरगी इतकी वाळलेली नव्हती, चालताना असा एक पाय ओढत नव्हती. थाळी पुढे आली तेव्हा तिने हात पाहिले. नखं तुटलेली, मनगटावर हाडं वर आलेली. बोटं मात्र पिंकीची होती.

तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. पण पोरगी वळून निघाली, तेव्हा रुख्मिणीबाईला राहवलं नाही. ती कपाकडे पाहत म्हणाली, "लय गोड झाला व बाई चहा."

ओढणीतली बाई थांबली. मग ती तशीच आत निघून गेली.

सासूने विचारलं, "क्या बोली?"

"चाय अच्छी है बोली," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सासूने आचलचा फोटो मागितला. भंवर जवळ येऊन बसला. उंची किती, घरचे कोण, लग्न कधी, अशी बोलणी सुरू झाली. रुख्मिणीबाईचे डोळे आतल्या दारावरून हलत नव्हते. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं. बोलता बोलताच त्या सासूला म्हणाल्या, "इसको जरा पीछे जाना है. बहू को बोलो ना, दिखा देगी." पुढे कितीतरी दिवस रुख्मिणीबाईला नणंदेचा राग यायचा आणि त्या रागात ही एक गोष्ट आडवी यायची. ती नणंदेने केली होती, हे खरंच होतं.

गोठ्यामागे शेणाच्या गोवऱ्या रचल्या होत्या. तिथे पोचल्यावर पिंकीने ओढणी वर केली. पुढचा एक दात नव्हता. चेहरा तिशी उलटलेल्या बाईचा दिसत होता.

"तू खरंच आली का व आई?"

रुख्मिणीबाईने तिला धरलं. पिंकीने स्वतःला सोडवून घेतलं. "रडू नको. तू रडशील तं मले बी येईन. मंग तोंड लाल दिसते, सासू विचारते."

"चाल माह्यासंग. आत्ताच चाल."

"कशी चालू?"

"रस्ता पाह्यला मी सगळा. फाट्यावर गेलं का बस हाये."

"फाट्यापर्यंत गेलती मी," पिंकी म्हणाली. "माह्या गुड्डीले कडेवर घेऊन. मागच्या थंडीत."

"मंग?"

"मंग आणलं वापस." तिने नकळत पाय जरा मागे घेतला. रुख्मिणीबाईने त्या पायाकडे पाहिलं. मग पिंकीच घाईघाईने बोलू लागली. मराठी मध्येच अडायची, एखादा शब्द सापडायचा नाही, मग तिकडचाच यायचा. बाबा कसे हायेत, नितेशचं लग्न झालं का, दुकानाच्या मालकीणबाई हायेत का अजून. रुख्मिणीबाई एकेका शब्दात उत्तर देत होती आणि तिच्या केसांवरून, पाठीवरून, दंडावरून हात फिरवत होती, जणू कुठे कुठे दुखतं ते हातालाच कळणार होतं.

"एक फोन तं कराचा होता व."

"केला नाई का? शेजारची बाई देते कधीमधी तिचा फोन, सासू मंदिरात गेली का. तुहा नंबर पाठ हाये मले. लावला का ते बाई म्हणते, नंबर चालू नाई."

तो नंबर रुख्मिणीबाईचा राहिलाच नव्हता. जुन्या सिममध्ये पैसे भरायचे राहिले होते आणि ते बंद पडलं होतं. नितेशने नवं आणून दिलं. नवा नंबर आला, गटातल्या सगळ्या बायांना दिला. जुना नंबर कुणाला तरी पाठ असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती नवा नंबर सांगू लागली. पिंकी डोळे मिटून म्हणत होती, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत पाढे पाठ करताना म्हणायची तशी.

मग डोळे उघडून तिने विचारलं, "आत्या फोटो घेऊन आली का? भंवरसाठी?"

"हो."

"कोणाचा?"

"आचलचा."

पिंकी तिच्याकडे बघतच राहिली. "आपली आचल? एवढीशी होती ना ते. माह्याकडं येणी घालाले यायची."

"अठराची झाली आता."

"आई, तो माहा फोटो पाह्यला ना तू? नथीतला? आत्या तोच दाखवते सगळ्यायले. या गावात अजून दोघी हायेत आपल्याकडच्या. तो फोटो पाहून आल्या. नथ सासूची होती. फोटो काढला अन् काढून घेतली." अंगणातून हसण्याचा आवाज आला. पिंकीने ओढणी पुन्हा खाली ओढली आणि आतूनच बोलली, "हे लगन होऊ देऊ नको."

"मोडलं तं त्यायले समजंन ना व, कोणं मोडलं. तुह्यं काय करतीन?"

"ते मी पाहीन."

"पिंके..."

"होऊ देऊ नको म्हटलं ना. मंग माह्या फोनची वाट नको पाहू."

परत येताना पिंकीने एका खोलीचं दार जरा ढकललं. आत गोधडीवर एक मुलगी झोपली होती, तोंडात बोट. रुख्मिणीबाईने चौकटीतूनच पाहिलं. हात लावायला वेळ नव्हता.

निघताना सासूने दोघींच्या हातावर एकेक ब्लाउजपीस ठेवला. रुख्मिणीबाईला म्हणाली, "आपकी तरफ की लडकियां काम में अच्छी होती हैं. और कोई हो तो बताना." रुख्मिणीबाईने हात जोडले. पिंकी दाराआड उभी होती, ओढणी खाली. तिला निरोप द्यायचं काही कारण त्या घराला दिसत नव्हतं, म्हणून कुणी तिला पुढे बोलावलं नाही.

स्टेशनवर बाया बांगड्यांचे जोड एकमेकींना दाखवत होत्या. प्राजक्ताताई धावत आल्या. "मावशी, कुठे होता तुम्ही दोघी? मी वेडी व्हायची राहिले! काही पाहिलं तरी का?"

"पाह्यलं," रुख्मिणीबाई म्हणाली.

गाडी सुटली. बाकीच्या बाया थकून झोपल्या. मनकर्णाबाई समोरच्या बाकावर गुडघा चोळत बसल्या होत्या. मग त्या आपणहून बोलल्या. "मले पंधराव्या वर्षी मोर्शीकडं देल्ली होती. दोन बायकायच्या नवऱ्याले. मले कोणी विचारलं? निघालं आयुष्य. इथं पक्कं घर हाये, दोन वक्त खाले हाये. राजापेठेत राहून काय राणी होणार होती ते?"

"तिचा दात कसा पडला?"

मनकर्णाबाईंनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"तुले माईत होतं," रुख्मिणीबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नणंदेशी एकेरीत बोलली. "फाट्यावरून तिले आणलं ते बी तुले माईत होतं."

"आचलच्या मायले काई बोलू नको रुख्मे. तुह्याच पोरीचं वाईट होईन."

घरी आल्यावर रुख्मिणीबाईने नवऱ्याला, मुलाला आणि प्राजक्ताताईंनाही सगळं सांगितलं. खुशालराव ऐकत होता. मग उठून मोरीवर गेला आणि बराच वेळ नुसतं पाणी सोडून उभा राहिला. नितेश म्हणाला, आत्ताच्या आत्ता निघतो. प्राजक्ताताईंनी त्याला थांबवलं. एकटा गेलास तर तुझेच हातपाय मोडतील, पोलिसांकडून जाऊ. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली. पण मुलगी सज्ञान, लग्न झालेलं, राज्य दुसरं, म्हणून वरून मंजुरी आली की पथक जाईल, असं सांगितलं. मंजुरी कधी येईल हे कुणी सांगितलं नाही.

अशात एका दुपारी रुख्मिणीबाई गटाच्या जागेवर मुगवड्या घालत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. पिठाच्या हाताने तिने उचलला.

"आई, पाठ हाये बरं मले," पिंकी म्हणाली. आवाजात हसू होतं. "गुड्डी बोलाले लागली. थांब, देते." आणि एका लेकराचा श्वास ऐकू आला, मग "नानी" असं काहीतरी, मग फोन बंद.

त्यानंतर रुख्मिणीबाईचे फार वाईट दिवस गेले. आचलचं लग्न तोंडावर आलं होतं. आपण तोंड बंद ठेवलं, तर हा फोन पुन्हा येणार होता. महिन्यातून एकदा, दोन महिन्यांतून एकदा, पण येणार होता. पोलीस जातील तोवर पोरीचा आवाज तरी राहिला असता. फोन वाजला की ती उठायची, आचल गल्लीतून जाताना दिसली की दार लावून घ्यायची. एकदा नितेशला म्हणाली, "आपण आधी पिंकीले आणू, मंग सांगू." नितेश म्हणाला, "तोवर आचल गेलेली असंन आई." ती त्याच्यावर ओरडली आणि मग रात्री जेवली नाही.

शेवटी ती आचलच्या आईकडे गेली. आचलचा बाप किसनराव अर्धांगाने खाटेवर होता, आई लोकांची धुणीभांडी करायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचंच पाहून तं आमी हो म्हटलं. मनकर्णाबाईनं पिंकीचा फोटो दाखवला. आता तुमाले आमचं चांगलं पाहवत नाई का?"

"तो फोटो खोटा हाये व."

"तुमची पोरगी जित्ती हाये, लेकरू हाये, पक्कं घर हाये. मले हे पडलं माणूस सांभाळून तिघी पोरी उजवाच्या हायेत. जा तुमी."

लग्नाच्या दिवशी रुख्मिणीबाई मंगल कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. प्राजक्ताताई आणि नितेश दोन महिला पोलिसांना घेऊन आले. भंवर डोक्याला फेटा बांधून बसला होता. त्याने रुख्मिणीबाईला पाहिलं, आणि आधी नुसताच हसला, ओळखीच्या माणसाला पाहून हसतो तसा. मग तिच्या शेजारी उभ्या नितेशचा चेहरा पाहिला. पिंकीसारखंच नाक, तसेच डोळे. त्याचं हसू गेलं. तो खुर्चीतून उठून बाजूला गेला आणि त्याने फोन कानाला लावला. रुख्मिणीबाई त्याच्याकडेच पाहत होती. तिकडे काय सांगितलं जातंय ते तिला न ऐकता कळत होतं.

पोलीसबाईने आचलला विचारलं, "तुले जाचं हाये का?"

आचलने रुख्मिणीबाईकडे पाहिलं. "काकू, पिंकीताई खरंच तसं म्हणाली का?"

"म्हणाली. तुहं नाव घेऊन म्हणाली."

"मंग मी नाई जात."

आचलच्या आईने सगळ्यांदेखत रुख्मिणीबाईच्या तोंडात मारली. ती उभी राहिली. नितेश मध्ये पडला. भंवरला आणि त्याच्या माणसांना पोलिसांनी चौकशीसाठी नेलं, संध्याकाळी सोडलं. मनकर्णाबाईंना दोन दिवसांनी अकोल्यात धरलं. त्या जामिनावर सुटल्या. खटला अजून उभाच राहायचा आहे.

पिंकीचा फोन त्यानंतर आला नाही. ज्या नंबरावरून आला होता तो लावला, तर एक बाई घाबऱ्या आवाजात "यहां फोन मत करो" म्हणाली, आणि नंतर तिनेही उचलणं बंद केलं. पावसाळ्यात पथकाला मंजुरी मिळाली. नितेश सोबत गेला. रुख्मिणीबाईने सांगितलेला फाटा, टाकी, देऊळ, सगळं जसंच्या तसं सापडलं. घराच्या फाटकाला कुलूप होतं. म्हशी विकलेल्या. शेजारी म्हणाले, गुजरातकडे गेले, कुठे ते माहीत नाही. बहू? असेल सोबत. पथक दोन दिवस थांबून परत आलं.

आचल आता राजापेठेत एका दुकानात कामाला जाते. तिची आई रुख्मिणीबाईशी बोलत नाही, समोर आली की पदर तोंडावर घेऊन जाते. गल्लीत काही लोक म्हणतात, रुख्मिणीने लोकांच्या पोरीपायी स्वतःची घालवली. खुशालरावच्या कानावर ते येतं. तो कुणाशी भांडत नाही, बायकोलाही काही म्हणत नाही. पण आताशा घरात तो कमीच बोलतो.

नितेश मधून मधून स्वतःच्या खर्चाने तिकडे जाऊन येतो. गेल्या खेपेला त्या गावातल्या दुसऱ्या एका वऱ्हाडी पोरीने विहिरीवर त्याला हळूच सांगितलं, घर सोडलं त्या दिवशी पिंकी टेम्पोत मागे बसली होती, मुलगी मांडीवर होती, आणि ड्रायव्हर पालनपूरचं नाव घेत होता. एवढंच. रुख्मिणीबाईने प्राजक्ताताईंच्या मोबाईलवर गुजरातेतलं पालनपूर कुठे आहे ते पाहून घेतलं. अकोल्याहून जाता येतं, मध्ये गाडी बदलावी लागते. मुगवड्यांचा हंगाम संपला की यावेळी ती स्वतः जाणार आहे.